‘चाचणी’ला दुसरा शब्द हवा आहे

धागाकर्ती: भरती-ओहोटीवरचा डिजिटल पाठ तयार करतोय. चित्रफीत, आवाज आणि शेवटी पाच प्रश्न. गेल्या आठवड्यात देवगडकडच्या एका शाळेत तो टॅबवर चालवून पाहिला. सुरुवातीलाच मी म्हटलं, “आज या पाठाची चाचणी आहे.” झालं! पोरांच्या डोक्यात घटक चाचणी. “कळलं नाही” असं एकही म्हणेना, शेजाऱ्याचं बघून उत्तरं दाबली. आम्हाला तर पाठ कुठे अडतो तेच हवं होतं. परीक्षा पाठाची आहे, मुलांची नाही, हे सांगणारा शब्द कोणता?

जुने मास्तर: पडताळणी.

धागाकर्ती: ती आम्ही आधीच करतो, मजकूर अभ्यासक्रमाशी ताडून. मुलांसमोरची गोष्ट वेगळी.

खाडीकाठ: ‘ट्रायल’ म्हणा. होडीचं इंजिन दुरुस्त झालं की आमचे बाबा “ट्रायल मारून येतो” म्हणतात. पोरांना लगेच कळेल.

जुने मास्तर: सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीचा आग्रह त्यांनी त्याच काळात धरला. त्यांनी दिलेला ‘महापौर’ आज कुणाला परका वाटतो? आपण वापरला तर शब्द रुळतो.

खाडीकाठ: तुमचा शब्द रुळेपर्यंत ती पोरं कॉलेजात जातील, मास्तर.

दशावतारवेडी: ‘रंगीत तालीम’ कसा वाटतो? दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ते रंगमंचावरच सुचतात. कुठे रंगलं नाही ते समोरचे लोक चेहऱ्यानेच सांगतात. तुम्हाला तेच हवंय ना?

रापणकर: पाठात नुसतं ‘ओहोटी’ आहे का? आमच्याकडे ‘सुकती’ म्हणतात. पोरं तिथेच अडली असतील.

धागाकर्ती: अगदी! निघताना एका मुलीने हळूच विचारलं, “बाई, ओहोटी म्हणजे सुकतीच ना?” चाचणी म्हटल्यामुळे तासभर गप्प होती बिचारी.

जुने मास्तर: परीक्षेत ‘ओहोटी’च येणार. प्रमाण शब्द शिकवायलाच हवा.

रापणकर: शिकवा, पण सुकतीच्या हाताला धरून. दुसऱ्या दिवशी भरती साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हे पाठात आकडा म्हणून घोकायला दिलं असेल. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची अंदाजे वेळ सांगायचे. पाऊण तास म्हणजे तेच की! ते घाला पाठात.

धागाकर्ती: घालते. आवाजातही ‘सुकती’ घेते. पण सोमवारी पुढच्या शाळेत जायचंय. पोरांना काय सांगू, आज कशाला आलोय?

रापणकर: अष्टमीच्या भांगाचं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो त्याचं, काय केलंत? तो आहे का पाठात?