ॲडव्हेंचर बाईक घ्यायची तर २०० की ४५०? (खान्देशापुरतं बोला)

शिरपूरवाला
महिनाभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, भाऊ रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घेऊ का केटीएम ३९० ॲडव्हेंचर घेऊ. तिघांनाही मी म्हटलं दोन्ही नको, हिरोची २०० सीसीवाली एक्सपल्स घे, तर तिघंही असे बघायला लागले की जसं काही पुरणाच्या मांड्यांच्या पंगतीत मी त्यांना शिळी भाकर वाढली.

माझं म्हणणं सरळ आहे. चिखलात पडली आणि एकट्याला उचलता आली नाही तर ती गाडी आपल्या कामाची नाही. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो, एक्सपल्स २०० फोरव्ही १६० च्या आत. वरचे सदतीस-अडतीस किलो शोरूममध्ये कळत नाहीत, सातपुड्यात कळतात.

मागच्या जुलैत आम्ही दोघं तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावकडे निघालो, मी एक्सपल्सवर आणि मित्र ४५० वर. घाटापर्यंत तो पुढे, मी मागे, खोटं कशाला बोलू. मग एका पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागलो, काळी माती, रात्रभर पाऊस झालेला. काळी माती म्हणजे नुसती निसरडी असते असं ज्यांना वाटतं त्यांनी ती फक्त गाडीच्या काचेतून पाहिलीय. ती चिकटते. आधी टायरच्या गुट्ट्यांमधल्या फटी भरतात, टायर नुसता गुळगुळीत भोपळा होतो, मग मडगार्ड आणि टायरच्या मधे माती दाबून दाबून बसते आणि शेवटी पुढचं चाक फिरायचंच बंद होतं. ब्रेक न मारता ब्रेक. मी बाभळीची काडी घेऊन चार वेळा खरवडलं आणि निघालो. त्याची आडवी झाली, आम्ही दोघं पाय रोवून उचलायला गेलो तर पायच घसरायचे, शेवटी शेतातली तीन माणसं आली तेव्हा उठली. त्यांना चहाचे पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत, हसत होते फक्त.

आणि पैशाचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्याच्यावर ४० टक्के. आधी वरच्यांना सेस धरून ३१ पडत होता. म्हणजे छोटी स्वस्त झाली आणि मोठ्यांवर टॅक्स वाढला. तरी ४५० च पाहिजे?

चाळीसगाव_४५०
हो पाहिजे. मित्राला चिखल चालवता येत नव्हता याचा दोष गाडीला कशाला देतो.

तू शिरपूरला राहतो, सातपुडा तुझ्या मागच्या दारात आहे. मी चाळीसगावहून महिन्यातून दोनदा पुण्याला जातो, कन्नड घाट, संभाजीनगर, नगर, आणि त्या रस्त्यावर १९ बीएचपीची गाडी म्हणजे ट्रकच्या मागे धूर खात बसायचं, ओव्हरटेकला पुढचा अर्धा किमी मोकळा दिसेपर्यंत हिंमत होत नाही. माझ्याकडे आधी एक्सपल्सच होती, दोन वर्षं चालवली. ऐंशीला खुश असते, नव्वदच्या पुढे हँडलला झिणझिण्या येतात. ४५० ला ४० बीएचपी, ४० न्यूटन मीटर टॉर्क, शंभरला आरामात बसून राहते आणि मागे बायको आणि दोन बॅगा असल्या तरी घाटात गिअर सारखे पाडावे लागत नाहीत.

हिशोब कर ना, वर्षाला मी बारा-पंधरा हजार किमी चालवतो त्यात कच्चा रस्ता पाचशे भरला तरी खूप. पाचशेसाठी बाकीचे सगळे हाल का काढू?

शिरपूरवाला
मग पाचशे किमीसाठी २१ इंची चाक आणि २३० मिमी ग्राउंड क्लिअरन्स कशाला घेतला? टूरिंगची गाडी घ्यायची, सीट खाली, टायर रुंद, वळणावर चिकटून जाते. तू घेतलीय डोंगराची गाडी आणि नेतो पुण्याला. 😀

चाळीसगाव_४५०
कारण आपला हायवे सोडून बाकीचा रस्ताच डोंगर आहे भो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर यावलपासून चोपड्यापर्यंत पावसाळ्यानंतर एकदा जा आणि मग मला सांग २०० मिमीचं सस्पेन्शन कशाला लागतं. अलॉय रिमची गाडी तिथे नेली तर रिमला पोचे पडतात. ४५० तिथे सत्तरने उडत जाते, खड्डा आला की उभं राहायचं बस. ऑफरोड म्हणजे फक्त पाड्याचा चिखल नव्हे, सरकारी डांबरी रस्तापण त्यातच धर.

बांधावरचा
तुम्ही ज्याला ॲडव्हेंचर म्हणता ना, तिथून केळीवाले दोन घड बांधून स्प्लेंडरवर रोज जातात. पाड्यावरचे मास्तर पण स्प्लेंडरवरच. पैसा काय झाडले लागतस का.

मास्तर_धडगाव
तो मास्तर मीच, म्हणून लिहितो. नऊ वर्षं झाली या तालुक्यात, शंभर सीसीचीच गाडी आहे.

ही स्प्लेंडरची गोष्ट सगळे शहरातले लोक फार कौतुकाने सांगतात. जाते, खरंय. कशी जाते ते पण ऐका. पावसाळ्यात शाळेच्या अलीकडे दीड किमीवर गाडी झाडाखाली लावतो आणि चपला हातात घेऊन चालत जातो. वर्षाला मागचे शॉकॲब्सॉर्बर जातात, चेनसेट जातो, इंजिनाच्या खालच्या बाजूला दोनदा दगड लागून ऑइल गळालंय, आणि कंबर जी गेलीय ती वेगळीच. ती गाडी त्या रस्त्यासाठी बनलेली नाही, आम्हाला पर्याय नाही म्हणून ती चालते. हां, एक गोष्ट तिची कोणाला नाही, मोलगीच्या बाजारात कुठल्याही टपरीवर तिचा प्लग, केबल, ट्यूब सगळं मिळतं.

मधे मी सेकंडहँड हिमालयन ४११ घेतली होती, जुनी वाली, २०१६ ला आलेली ती. गाडी गोड होती, सीट ८०० मिमी म्हणून पाय टेकायचे, पुलावरून पाणी वाहत असलं तरी इंजिन हळूहळू ढकलत न्यायचं. विकली कारण एकदा पुढचं टायर पंक्चर झालं आणि २१ इंची ट्यूब धडगावला नाही, तळोद्याला नाही. दोन दिवस गाडी एका विद्यार्थ्याच्या घरी गोठ्यात होती, गाय एकीकडे आणि ती एकीकडे. तुमच्या वादात हा मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून सांगितलं.

भुसावळ_गॅरेज
मास्तरांनी नेमकं बोट ठेवलं.

माझ्याकडे दोन्ही गाड्या येतात, म्हणून कोणाच्याच बाजूने नाही. स्पोक म्हणजे ट्यूब हे आता सगळीकडे खरं नाही, ४५० सुरुवातीला ट्यूबवाली आली, नंतर ट्यूबलेस स्पोकचा ऑप्शन आला, घेताना तोच घ्या, पैसे जास्त गेले तरी. एक्सपल्सला ट्यूबच. ट्यूबवाल्यांनी २१ ची एक ट्यूब सोबत ठेवायचीच, अडीअडचणीत तीच मागच्या १७-१८ च्या चाकात पण कोंबता येते, उलटं होत नाही. आणि कच्च्यावर चांगली पकड मिळते म्हणून हवा कमी करता ना, ट्यूब असली तर फार कमी करू नका, दगडावर आपटली की रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते, सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात.

दुसरं, रेडिएटर. ४५० आणि ३९० दोन्ही लिक्विड कूल, म्हणजे इंजिन कूलंटने थंड होतं. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा, फॅन चालू झाला की गुडघ्यावर तंदूर. त्याला इलाज नाही. पण चिखल खेळून आल्यावर रेडिएटरच्या जाळीत माती वाळते आणि मग लोक येतात, अण्णा गाडी गरम होते, कंपनीचा फॉल्ट आहे. फॉल्ट कसला, जाळी बुजलीय. मागच्या बाजूने साध्या पाइपने पाणी मारायचं, वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारलं की पत्र्या वाकल्याच समजा.

अमळनेरची_रायडर
उंचीवर कोणी बोलणार आहे का? सगळे सहाफुटे जमलेत इथे.

माझी उंची पाच दोन. ४५० ची सीट ८२५ पासून पुढे, केटीएम ३९० ची ८३०, आणि शिरपूरवाल्याची लाडकी एक्सपल्सपण ८२५ च. तिचंच प्रो मॉडेल घेतलं तर ८९१, म्हणजे मला स्टूल सोबत न्यावं लागेल. तर हलकी म्हणजे सोपी असं सरसकट नसतं. पण खरं सांगायचं तर मी दोन्ही चालवून पाहिल्या आणि पाय न पुरणं एवढं त्रास देत नाही जेवढं वजन वर असणं देतं. ४५० ला १७ लिटरची टाकी, फुल केली की बारा-तेरा किलो पेट्रोल छातीच्या उंचीवर. तोरणमाळच्या सातपायरी घाटात एका वळणावर समोरून जीप आली, मी थांबले, डावा पाय टाकला तर खाली रस्ताच नव्हता, उतार होता. त्या एका सेकंदात गाडी कुठल्या बाजूला झुकतेय ते पोटात कळतं. पडली नाही, पण त्यानंतर यशवंत तलावापर्यंत मी काही बघितलंच नाही, नुसता रस्ता बघितला.

आता घाटात अर्धीच टाकी ठेवते. कोणी हसा खुशाल.

चाळीसगाव_४५०
नाही हसत ताई, हे मला सुचलंच नव्हतं.

मुक्काम_पुणे_मूळ_नंदुरबार
तुम्ही लोक ज्याला मिडलवेट म्हणताय ते बाहेरच्या देशात शिकाऊ गाड्या आहेत. तिकडे मिडलवेट म्हणजे होंडा ट्रान्साल्प ७५५ सीसी, सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८००डीई ७७६ सीसी. एकदा ट्विन सिलिंडर चालवली की हा २०० का ४५० वाद पोरकट वाटतो.

शिरपूरवाला
ती सुझुकी २३२ किलो आहे. आणि दहा लाखाच्या वर. ये घेऊन चांदसैलीला, आम्ही काडी घेऊन उभे राहतो.

मुक्काम_पुणे_मूळ_नंदुरबार
चांदसैलीला नाही नेणार, स्पितीला नेणार.

शिरपूरवाला
म्हणून तर वर लिहिलं खान्देशापुरतं बोला. आणि डिसेंबरात घरी आलास तर मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्यांजवळून हेल्मेटची काच उघडी ठेवून जाऊन दाखव, तेच तुझं ॲडव्हेंचर.

चाळीसगाव, तुझ्यासाठी एक सोपी परीक्षा. तुझ्या नांगरलेल्या शेतात ४५० आडवी कर आणि एकट्याने तीन वेळा उचल. उचललीस तर मी इथेच लिहीन की चुकलो.

चाळीसगाव_४५०
रविवारी करतो.

मास्तर_धडगाव
गिअरमध्ये टाकून ठेवा सर, नाहीतर उचलताना पुढे सरकते. आणि उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड खाली पाडून ठेवा, नाहीतर उठून तिकडून परत पडेल. हे मी शिकलोय, कसं शिकलो ते विचारू नका.

चाळीसगाव_४५०
केली. रिपोर्ट लिहितो.

पहिल्यांदा जुन्या पोत्यावर आडवी केली (क्रॅश गार्डला ओरखडे नकोत म्हणून, हसू नका). हँडल पूर्ण वळवून, गाडीकडे पाठ करून, सीटला ढुंगण लावून मागे मागे चालत ढकललं, उठली. वाटलं तेवढं जड नाही. दुसऱ्यांदा पोतं नाही, सरळ ढेकळात, टाकी पाऊण भरलेली. उठली पण मांड्या थरथरायला लागल्या. तिसऱ्यांदा अर्ध्यावर आणली आणि ढेकूळ पायाखाली फुटलं, परत खाली. मग सालदार आला आणि दोघांनी उचलली.

म्हणजे दोन वेळा. आणि हे कोरड्या मातीत, जुलैचा चिखल वेगळाच. तरी गाडी विकणार नाही, पुण्याचा रस्ता काही बदलत नाही. पण चिखलाच्या दिवसांत एकटा तिकडे जाणार नाही हे नक्की, आणि ताईंची अर्ध्या टाकीची आयडिया उचलली.

शिरपूरवाला
दोन वेळा म्हणजे मी अर्धा चुकलो, अर्धा बरोबर. सालदार काय म्हणाला ते नाही लिहिलंस?

चाळीसगाव_४५०
म्हणे, हिनापेक्षा म्हैस बरी भाऊ, हाक मारी ते उठस तरी.