अनुभव धागा: तात्यांनी पुन्हा उभं राहावं का? तुमच्या घरात काय झालं?

१५ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री फ्लोरिडातल्या मार-ए-लागोमधून तात्यांनी, म्हणजे डोनाल्ड ट्रम्प यांनी, पुन्हा अध्यक्षपदाला उभं राहत असल्याचं जाहीर केलं. तिथपासून ५ नोव्हेंबर २०२४ पर्यंत अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच घरांत एकाच विषयावरून भांड्याला भांडं लागत होतं. कोण जिंकेल हा विषय नाही, तो निकाल लागला. त्याच्या आधीचा प्रश्न. दोनदा महाभियोग झालेला, हरल्यावर हरलो न म्हणणारा, अर्ध्या देशाच्या गळ्यातला ताईत आणि उरलेल्या अर्ध्याला डोळ्यांसमोर नकोसा असा माणूस परत उभा राहावा का? आणि नको, तर अडवायचं कोणी?

थोडी उजळणी. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्पसमर्थक अमेरिकेच्या संसदेवर चालून गेले, त्यावरून झालेल्या महाभियोगात फेब्रुवारी २०२१ मध्ये सिनेटमध्ये त्यांना दोषी ठरवण्याच्या बाजूने ५७ मतं पडली, विरोधात ४३. लागतात ६७. तेवढी पडली असती तर पुढे साध्या बहुमताने त्यांना कायमची पदबंदी घालता आली असती. म्हणजे दहा मतं इकडची तिकडे झाली असती तर हा धागा निघालाच नसता. हरून परत आलेला अध्यक्ष त्याआधी एकच, ग्रोव्हर क्लीव्हलंड, १८९२ चा. माजी अध्यक्ष टेडी रूझवेल्टनेही १९१२ ला परत यायचा प्रयत्न केला (तो हरून गेलेला नव्हता), पण पक्ष फुटला आणि विल्सनचं फावलं.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी छुपा अजेंडा काढायला नको. त्यांना उमेदवारी मिळायला नको होती, पण ती रोखणं हे कोर्टाचं काम नव्हतं, त्यांच्याच पक्षाचं होतं. बास. आता मला तुमचे अनुभव हवेत. मुद्दाम दोन्ही बाजूंच्या काही जणांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून बोलावलंय. फॉरवर्ड नकोत, नातेवाइकांची नावं नकोत. तात्या म्हणायला हरकत नाही, त्यापुढची विशेषणं उडवली जातील.

जुना जर्सीकर

बोलावलंत म्हणून लिहितो, एरवी माझ्यासारख्याला इथे झोडपतात. एडिसनला हयात गेली. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात, मग स्वतःचं छोटं मशीन शॉप. २०१६ च्या ऑक्टोबरात इथल्या एक्स्पो सेंटरमध्ये हिंदू मतदारांचा मेळावा झाला. बॉलिवूडचे नाच, मग ट्रम्प आले, दिवा लावला, "मी हिंदूचा मोठा फॅन आहे" म्हणाले. बायको हसत सुटली. मी टाळ्या वाजवल्या.

उभं राहावं, हेच माझं मत होतं आणि आहे. २०२० ला ७ कोटी ४० लाखांवर लोकांनी त्यांना मत दिलं. त्यांचा माणूस तुम्ही कागदोपत्री बाद करणार? २०१७ च्या करकायद्याने माझ्यासारख्या धंदेवाल्याला उत्पन्नावर २० टक्क्यांपर्यंत वजावट दिली. त्याच कायद्याने घरपट्टी आणि राज्याच्या कराची वजावट १० हजार डॉलरवर आणून ठेवली. जर्सीची घरपट्टी ज्याने भरलीय त्याला विचारा. तेही सोसलं, तक्रार नाही.

मुलगी फिलाडेल्फियात वकील. ६ जानेवारीनंतर फोनवर फक्त आईशी बोलायची. माझ्या वाढदिवसाला तिने निर्वासितांना मदत करणाऱ्या एका संस्थेला माझ्या नावाने देणगी दिली. त्यांची आभारपत्रं अजून मला येतात. मी फाडत नाही.

गोदाकाठ

प्लेनो, टेक्सास. २०२० च्या मार्चमध्ये सासऱ्यांचं आजारपण निघालं म्हणून मी आणि लेक नाशिकला आलो. पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. बीकेसीतल्या वकिलातीत अपॉइंटमेंट घेतलेली, ती लॉकडाऊनमध्ये रद्द झाली. मग २२ जूनला ट्रम्प यांची घोषणा: देशाबाहेर असलेल्या आणि हातात व्हिसा नसलेल्या एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा) वाल्यांना वर्षअखेरपर्यंत प्रवेश बंद. पुढे ती मार्चपर्यंत लांबली. नवरा तिकडे, आम्ही इकडे.

लेक दुसरीत. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसहा. सासूबाई शुभंकरोतीला हाका मारायच्या आणि ही देवघराशेजारच्या खोलीत लॅपटॉपसमोर छातीवर हात ठेवून अमेरिकेच्या झेंड्याची प्रतिज्ञा म्हणत उभी. तिच्यामागून टेक्सासच्या झेंड्याची, ती वेगळी असते. शाळा सुटायला रात्रीचा दीड. जेवण कधी घालायचं हा रोजचा वाद.

त्यामुळे २०२२ ला ती बातमी आली तेव्हा आमच्याकडे तत्त्वचर्चा झाली नाही. नवरा म्हणाला, कोर्टाने अडवलं तर सुटलो. मी म्हटलं, आपल्याला मत नाही त्या देशात कोणी उभं राहावं हे आपण कोण सांगणार? तो म्हणाला, सांगत नाहीये, नवस बोलतोय.

डोंगरउतार

डेन्व्हर. आमच्याकडे हा वाद थेट मतपत्रिकेवर आला. यादवी युद्धानंतर झालेली चौदावी घटनादुरुस्ती, कलम ३: संविधानाची शपथ घेऊन मग बंडात सामील झालेल्याला पद नाही. त्या आधारावर १९ डिसेंबर २०२३ ला कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ ने ट्रम्पना पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतून बाद केलं. पण निकालाला स्थगिती होती आणि छपाई थांबत नाही. आमच्याकडे मतपत्रिका टपालाने घरी येते. ट्रम्प यांचं नाव छापलेलं, ते धरायचं की नाही हे ठरायचं होतं.

माझी मतपत्रिका फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली पडून होती. ४ मार्च २०२४ ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. राज्याला हा अधिकार नाही, यावर नऊच्या नऊ न्यायाधीशांचं एकमत. दुसऱ्या दिवशी मतदान. मी नोंदणीकृत रिपब्लिकन. ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या निकी हेलीला मत दिलं आणि लिफाफा पेटीत टाकून आलो. हेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर. निकाल मला पटला. बायकोला आजही पटलेला नाही, ती म्हणते कलम काय शोभेला लिहिलंय का.

भोंडला

पेनसिल्व्हेनिया, बक्स काउंटी. नागरिक झाल्यावर मी २०२० ला टपाली मतं उघडण्याच्या कामाला नाव दिलं. पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा, की टपाली मत आठवडाभर आधी आलं तरी मतदानाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत ते उघडायचं नाही. शेजारच्या काही राज्यांत आधी उघडतात, आमच्याकडे नाही. आणि त्या वर्षी करोनामुळे टपाली मतांचा ढीग.

काम कंटाळवाणं. बाहेरच्या लिफाफ्यावर मतदाराची सही, आत दुसरा कोरा लिफाफा, त्यात मतपत्रिका. आतला लिफाफा नसेल तर मत बाद, सप्टेंबरातच कोर्टाने तसं सांगितलेलं. यंत्र लिफाफे कापतं, माणसं मतपत्रिका काढतात आणि घडी उलटी दाबून सपाट करतात, नाहीतर स्कॅनर ती गिळत नाही. दुपारपर्यंत बोटांना कागदाचे काप, मास्कमध्ये कागदाची धूळ. दोन्ही पक्षांचे निरीक्षक समोर उभे. एका टेबलावरून दुसऱ्याकडे खोका न्यायचा तरी वहीत सही.

ट्रम्प यांनीच टपाली मतांवर भरवसा ठेवू नका म्हणून सांगितल्यामुळे त्यांचे लोक केंद्रावर जाऊन मत देणार, डेमोक्रॅट टपालाने. केंद्रावरची मतं आधी मोजली गेली. मंगळवारी रात्री ट्रम्प पुढे, मग रोज थोडे थोडे मागे, शुक्रवारी बायडन पुढे, शनिवारी विजयी जाहीर. शेवटी फरक साधारण ८० हजारांचा.

आमचा शेजारी लाख माणूस. बर्फ पडला की न सांगता आमच्या दारातला उपसतो. त्याने कुंपणापाशी विचारलं, मंगळवारी आम्ही पुढे होतो, मग चार दिवसांत ही मतं आली कुठून? मी सगळं सांगितलं. सकाळचे सात, दोन लिफाफे, घडी, वही. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुझ्या टेबलावर नसेल झालं, दुसऱ्या टेबलावर झालं असेल.

ते कर, भिंत, चीन, मला काही देणंघेणं नाही. पण ज्याला हरल्यावर हरलो म्हणता येत नाही त्याने पुन्हा उभं राहू नये, हे माझं मत तिथे कुंपणापाशी पक्कं झालं.

२०२४ ला कायदा तोच, सकाळचे सात तेच. ट्रम्प पेनसिल्व्हेनियात सुमारे १ लाख २० हजारांनी जिंकले. या वेळी शेजाऱ्याने काही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही, बर्फ अजून तोच उपसतो.

एक पुणेरी

अमेरिकेत एक मुलगा डॅलसला, एक सिअॅटलला. एक तात्यांचा, दुसरा विरोधातला. फॅमिली ग्रुपवर दोघांची जुंपली की मी मध्ये चिकमगळूर टाकतो आणि दोघंही गप्प होतात, कारण त्यांना ते माहीतच नाही.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ ला इंदिराबाईंची निवड रद्द करून सहा वर्षं बंदी घातली. मग आणीबाणी. १९७७ ला रायबरेलीत राजनारायणांकडून पराभव. १९७८ ला चिकमगळूरहून लोकसभेत, डिसेंबरात हकालपट्टी आणि तिहार. जानेवारी १९८० ला ३५३ जागा! माझे वडील आणीबाणीत मिसाखाली येरवड्यात होते. ते सुटले तेव्हा आळीत ज्यांनी पेढे वाटले, त्यांतल्याच काहींनी १९८० ला कांद्याचा भाव सांगत बाईंना मत दिलं. वडिलांना विचारलं, यांना उभंच राहू द्यायला नको होतं ना? म्हणाले, उभं राहू दे की. पाडायला आपण कमी पडलो, भांडत बसलो.

भोंडला

@एक पुणेरी, १९७७ ला बाई हरल्या आणि राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. लोकसभेवर कोणी चालून गेलं नाही. तुलना करा, पण एवढं वगळून करू नका.

एक पुणेरी

मान्य. पण निवडणुकीच्या आधी विरोधकांना तुरुंगात टाकलं होतं, तेही वगळू नका.

बर्फवाला

मिशिगन, डेट्रॉइटच्या उत्तरेला. गाड्यांचे सुटे भाग. आमच्या लाइनवरचा युनियनवाला, बाप आणि आजाही त्याच धंद्यात, ओबामाला दोनदा मत दिलेला, २०१६ पासून ट्रम्पचा. मिशिगनमध्ये २०१६ चा फरक होता १०,७०४ मतांचा, त्यातलं एक याचं. मी त्याला ६ जानेवारीबद्दल विचारलं, तर तो नाफ्टाबद्दल (मेक्सिको-कॅनडाशी झालेला व्यापार करार) बोलायला लागला. १९९४ पासून कुठला कारखाना कधी मेक्सिकोला गेला, तोंडपाठ. त्याच्या लेखी उभं राहावं का हा प्रश्नच नव्हता, दुसरं कोण उभंय आमच्यासाठी हा होता. याच डेट्रॉइटमधून बेळगावकडचे आपले श्री ठाणेदार डेमोक्रॅट म्हणून काँग्रेसमध्ये निवडून गेलेत. मी कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, छान, पण कारखाना परत आणतील का?

पीच स्टेट

मी इथेच जन्मलोय, अॅटलांटात कॉलेजला आहे. आईने लिंक पाठवली. २०२४ हे माझं पहिलं प्रेसिडेन्शियल व्होट. जॉर्जियात बायडन ११,७७९ मतांनी जिंकले होते आणि ट्रम्पनी राज्याच्या निवडणूक प्रमुखाला फोन करून ११,७८० मतं शोधा सांगितलं, ती टेप आम्हाला हायस्कूलमध्ये ऐकवलेली. मग ऑगस्ट २०२३ ला फुल्टन काउंटी जेलमधला ट्रम्पचा तो अटकेचा फोटो. आमच्या डॉर्ममध्ये दोघांकडे त्या फोटोचा टी-शर्ट होता, एक कट्टर समर्थक आणि एक कट्टर विरोधक. दोघं एका दिवशी घालून आले तर कॅफेटेरियातल्या बाईंनी विचारलं, कुठला क्लब आहे हा?

आत्या म्हणते कमला आपली. मामा म्हणतो तात्या आपला. मला दोघंही आपले वाटत नाहीत, म्हणून आजोबा चिडले. मत कोणाला दिलं ते आईलाही सांगितलेलं नाही, आई वाचत असशील तर सॉरी.

धागाकर्ती

आई वाचतेय, तिचा व्यनि आलाय. एक गोष्ट सगळ्यांचे प्रतिसाद वाचून टोचली. मत असलेले लोक तत्त्व, कर, कारखाना यांवर बोलताहेत, आणि ज्यांचं बिऱ्हाड एका सहीवर हलतं त्यांना मतच नाही. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या आणखी कोणी लिहिलं तर बरं.

सर्वपित्री

रांगेतला मी. सप्टेंबर २०२५ मध्ये साताऱ्याला आलो होतो, वडिलांची तिथी हुकली म्हणून सर्वपित्रीला श्राद्ध करायचं होतं. आमच्याकडे शनिवारची पहाट आणि फोन वाजायला लागला. वॉशिंग्टनमध्ये सही झाली, एच-१बी वर १ लाख डॉलर शुल्क, रविवारपासून. कंपनीची मेल: असाल तिथून ताबडतोब परत या. गाडी काढून मुंबई गाठली. विमानतळावर माझ्यासारखेच कितीतरी, तिकिटाचे आकडे डोळे पांढरे करणारे, आणि जागा नाहीच. रात्री ठाण्याला मावसभावाकडे. पहाटे खुलासा आला की शुल्क फक्त नव्या अर्जांना, आधीच्या व्हिसावाल्यांना नाही. तसाच उलटा निघालो. दुपारी घरी पोचलो तेव्हा गुरुजी ओसरीवर घड्याळ बघत बसलेले, त्यांना पुढे आणखी एक घर होतं.

काका तात्यांचे मोठे भक्त, ह्यूस्टनच्या हाउडी मोदी मेळाव्याचे व्हिडिओ अजून जपून ठेवलेत. पान वाढताना म्हणाले, अरे ते आपलेच आहेत, करतील काहीतरी. मी म्हटलं, केलं की.

जुना जर्सीकर

@भोंडला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी तुमच्या शेजाऱ्याच्या बाजूचा, पण ते दुसरं टेबल मलाच बघायचंय. नाव कुठे द्यायचं? वय अडुसष्ट.

भोंडला

काका, वय आड येत नाही. काउंटीच्या बोर्ड ऑफ इलेक्शन्सकडे अर्ज करा, आधी प्रशिक्षण देतात, मानधनही आहे. जर्सीत केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं बसवतात, तेव्हा तुम्ही हवेच आहात. पुढची मध्यावधी ३ नोव्हेंबर २०२६ ला. केंद्र सकाळी सहा ते रात्री आठ चालतं, म्हणजे साडेपाचच्या आधी घर सोडावं लागेल. डबा घरून न्या.