दरवर्षी नांगरट खरंच लागते का?

मातीवेडा
पीक निघालं की नांगर घालायचा, हे शेतीचं पहिलं काम म्हणून सगळीकडे शिकवलं जातं. माझं मत वेगळं आहे. बहुतेक जमिनींना दरवर्षी खोल नांगरट लागत नाही. केवळ रिवाज म्हणून ती करत राहिलं तर जमीन खंगते.

चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळीत पाणी आणि हवा खेळते. मातीच्या कणांचे बारीक रवे तयार झालेले असतात म्हणून ती पोकळी टिकते. हे रवे बांधून ठेवतात मुळांचे स्राव, बुरशीचे धागे आणि कुजलेला पालापाचोळा. नांगर तेच फोडतो. रव्यांच्या आत सुरक्षित असलेला सेंद्रिय कर्ब उघडा पडतो, जिवाणू तो झपाट्यानं खातात आणि कार्बन डायऑक्साइड होऊन तो उडून जातो. या गडबडीत नत्र मोकळं होतं, त्यामुळे नांगरटीनंतरचं पीक जोमदार दिसतं. पण तो जोम नांगरानं दिलेला नाही. जमिनीची पुंजी मोडून तो मिळालेला आहे.

वर उघड्या मातीवर पावसाचे थेंब आदळतात, रवे विरघळतात, पृष्ठभागावर पापडी धरते आणि पाणी मुरायच्या ऐवजी माती घेऊन वाहतं. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शंभर वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागू शकतो. ती एका जोरदार पावसात जाऊ देणं मला पटत नाही.

काळी_कसदार
दोष नांगराचा नाही, जमिनीला परत काही न देण्याचा आहे. इंग्लंडमध्ये रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. ते शेत पिढ्यान्‌पिढ्या नांगरलं जातंय. तरी ज्या पट्ट्याला दरवर्षी शेणखत मिळालं, तिथला सेंद्रिय कर्ब काहीच न मिळालेल्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त आहे. दोन्हीकडे नांगर तोच, फरक खताचा.

नांगरटीला कारणंही आहेत. धसकटं गाडली जातात, त्यात लपलेल्या किडींच्या अळ्या नि कोष उघडे पडतात, शेणखत किंवा चुना खोलवर मिसळता येतो, ओल्या थंड जमिनीला ऊब लागते. इतक्या पिढ्यांनी हे काम उगाच केलं नाही.

मातीवेडा
ब्रॉडबाल्कचं उदाहरण चांगलं दिलंत. पण त्या पट्ट्याला हेक्टरी ३५ टन शेणखत पडतं, तेही दरवर्षी. एवढं खत सगळ्या रानाला पुरवणारा शेतकरी मला दाखवा. ज्याच्याकडे तेवढं खत नाही, त्यानं निदान आहे तो कर्ब तरी जाळू नये.

हराळीग्रस्त
तुम्ही दोघं कर्बावर बोलताय, तणावर कोणीच बोलत नाही. नांगर बंद केला की पहिला प्रश्न तणाचा येतो. विनानांगरट शेती मोठ्या प्रमाणावर पसरली ती तणनाशकांच्या जोरावर. १९६०च्या दशकात पॅराक्वाट आलं, १९७४ मध्ये ग्लायफोसेट, आणि मग नांगराचं काम फवारणीवर गेलं. आता ग्लायफोसेटला न जुमानणारी तणं अनेक देशांत आहेत. एक औजार सोडून एका रसायनाच्या ताब्यात जाणं याला मातीची काळजी म्हणवत नाही. मी फवारत नाही. हराळी आणि लव्हाळा माजलेल्या रानात मला उन्हाळी नांगरट लागतेच. काश्या (जमिनीखाली पसरणारी खोडं) नि गाठी उन्हात सुकल्याशिवाय ते तण हटत नाही.

मातीवेडा
उन्हाळ्यात, कोरड्या मातीत, मुळासकट उपटून वर टाकलं तर मान्य. ओलीत रोटाव्हेटर फिरवला तर मात्र हराळीचे तुकडे होतात आणि प्रत्येक पेऱ्यातून नवं तण उगवतं. नांगरानं तण मरतं असं सरसकट म्हणता येत नाही. शिवाय खाली गाडलेलं बी पुढच्या नांगरटीत पुन्हा वर येतं.

आकडेमोड
दोन्ही बाजूंना अडचणीत टाकणारा एक निष्कर्ष सांगतो. २०१५ मध्ये जगभरातल्या ६१० अभ्यासांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झालं. विनानांगरट शेतीत उत्पादन सरासरी ५.७ टक्के कमी निघालं. पण कोरड्या हवामानातल्या पावसावरच्या शेतीत, जिथे काडीकचरा जमिनीवर राखला आणि पिकांची फेरपालटही केली, तिथे ते ७.३ टक्के वाढलं. म्हणजे नुसता नांगर थांबवला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं तर तोटाच संभवतो. मातीवेडा, तुमच्या मूळ मांडणीत ही अट यायला हवी होती.

मातीवेडा
अट योग्य आहे. आच्छादन आणि फेरपालट यांच्याशिवाय मी कोणालाही नांगर सोडायला सांगणार नाही.

नवी_पेरणी
जमीन आधीच घट्ट असेल तर? सळई वीतभर जाते आणि पुढे अडते.

काळी_कसदार
तो नांगराच्या तळाशी किंवा जड यंत्रांच्या चाकाखाली दबलेला थर. दरवर्षी एकाच खोलीवर फाळ चालला की असा थर होतो, हे मी नांगराचा समर्थक असूनही सांगतो. माती पलटवू नका. तो थर कोरडा असताना सबसॉयलरनं, म्हणजे माती न पलटवता खोलवर फोडणाऱ्या औजारानं, एकदा फोडा, मग लगेच खोल मुळांचं पीक घ्या, म्हणजे भेगा टिकतील. ओल्या मातीत हे काम केलंत तर थर फुटणार नाही, नुसता चिरेल. कुठलीही मशागत वाफसा, म्हणजे मातीतली ओल बेताची झाली आहे का, ते पाहून करायची. मूठभर माती दाबा. लाडू होऊन चिकटून राहिला तर थांबा, बोटानं टिचकी मारताच फुटला तर रान तयार आहे.

हराळीग्रस्त
मूळ अडचण अजून तशीच आहे. आच्छादन आणायचं कुठून? ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांच्याकडे कडबा नि भुसा दावणीला जातो. रान उघडं ठेवून नांगर बंद केला तर आकडेमोड म्हणतात तो तोटा याच शेतकऱ्यांच्या वाट्याला येईल.

मातीवेडा
सगळी काडी ठेवायची गरज नाही. पेरणीनंतर निदान ३० टक्के जमीन झाकलेली असावी, असा संवर्धित मशागतीचा, म्हणजे माती कमीत कमी हलवून काडी वर राखण्याच्या पद्धतीचा, सर्वमान्य किमान निकष आहे. कापणी थोडी उंचावरून करा, धसकटं उभी राहू द्या, वरचा चारा जनावरांना न्या. दोन ओळींत द्विदल आंतरपीक घेतलं तर त्याचा पाला जमिनीवर गळतो. नुसत्या धान्याच्या काडीत नत्र फार कमी असतं आणि ती कुजताना जिवाणू पिकाचंच नत्र ओढून घेतात, म्हणून द्विदल हवंच. एवढंही जमत नसेल तिथे उथळ वखरणी करा आणि खोल नांगरट तणानं किंवा घट्ट थरानं भाग पाडलं त्याच वर्षी करा.

काळी_कसदार
वखरणीपर्यंत माझी हरकत नाही. पण पाणथळ, चिबड जमिनीला हा सल्ला देऊ नका. तिथे आच्छादनाखाली ओल साठून बी कुजतं. त्या रानात आधी चर काढून निचरा करा, नांगराचा वाद नंतर.