मदत हवी आहे: शेंगा चटणीसाठी कांडप मशीन, कर्ज कुठून घ्यावं?

नमस्कार ताई-दादांनो. आम्ही सोलापूरचे. मी आणि जाऊबाई घरातूनच शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकतो. मागणी चांगली आहे, पण चटणी अजून उखळात कुटतो. मिक्सरमध्ये फिरवली की भुगा होतो, तेल सुटत नाही, आणि गिऱ्हाईक पहिल्या घासातच ओळखतं! म्हणून छोटं कांडप मशीन घ्यायचंय.

एका मायक्रोफायनान्सवाल्यांचं गट कर्ज लगेच मिळतंय, पण हप्ता दर आठवड्याला. आमचे दुकानदार पैसे देतात महिन्याने. शिवाय गटातल्या एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, याची मला खरंच धास्ती वाटते. दुसरा पर्याय बचत गटामार्फत बँकेचं कर्ज किंवा मुद्राचं शिशु कर्ज, ५० हजारांपर्यंतचं. पीएमएफएमई या छोट्या खाद्य उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, पण ते लगेच हातात येत नाही, तीन वर्षांनी कर्जात वळतं करतात म्हणे.

कोणी यातून गेलंय का? साप्ताहिक हप्त्याचा मासिक करून मिळतो का? मुद्रासाठी बँकेने नेमकी कोणती कागदपत्रं मागितली? आमच्याकडे फूड लायसन्सची नोंदणी आहे, उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी मात्र नाही. आणि उधारीवाल्या दुकानदारांकडून निम्मे पैसे तरी आगाऊ कसे घेता, तेही सांगा.