मदत हवी आहे: कुलमुखत्यारपत्रातला ‘कुल’ नेमका कुठला?

नमस्कार मंडळी. आत्या ठाण्यातला फ्लॅट विकतेय. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिला धावपळ जमणार नाही, म्हणून तिच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद माझ्या नावे करतोय. वकिलांच्या मसुद्यावर शीर्षक आहे ‘विशेष कुलमुखत्यारपत्र’. आत्या अडूनच बसली, “कुल म्हणजे घराणं ना? मग सगळ्या भावंडांच्या सह्या नकोत?” तिला सांगितलं, हा संस्कृत कुल नव्हे, अरबी ‘कुल्ल’, म्हणजे सगळं. मुखत्यारही अरबीच, निवडलेला माणूस. शेपटीचं पत्र तेवढं संस्कृत. तिला पटलं, पण आता मीच अडकलोय. अधिकार एकाच फ्लॅटपुरता, मग ‘विशेष’ आणि ‘कुल’ एकत्र कसे? जुन्या दस्तांत असं कुणी पाहिलंय? की नुसतं ‘विशेष मुखत्यारपत्र’ करून घेऊ? सोमवारी नोंदणी आहे.