मदत हवी आहे: व्यसनमुक्तीसाठी आलेल्या मुलांना लहानपणीच्या छळाबद्दल कधी विचारावं?

किशोरवयीन मुलांच्या व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे. मुलं १४ ते १७ वयाची. घरची मारहाण, सततचा अपमान, कुणाचं लक्षच नसणं हे अनेकांच्या बोलण्यात येतं, आणि त्यांच्यातच उदासी, रात्री दचकून उठणं, स्वतःला इजा करणं जास्त दिसतं.

सध्या दाखल करतानाच आम्ही 'चाइल्डहूड ट्रॉमा क्वेश्चनेअर' ही लहानपणीच्या छळाबद्दलची प्रश्नावली भरून घेतो. त्यात २८ प्रश्न आहेत, त्यातले ३ फक्त मूल त्रास लपवतंय का हे ओळखण्यासाठी, आणि नेमके तेच बोलके ठरतात. नशा उतरत असते, पालक दाराबाहेर बसलेले. मूल छळाच्या प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही' लिहितं आणि पुढे गटचर्चेत वेगळंच सांगतं. शिवाय तेव्हाची चिंता, निद्रानाश नशा सुटल्यामुळे की जुन्या आघातामुळे, हे साधारण महिनाभर नशेशिवाय गेल्यावरच नीट कळतं. तोवर थांबावं तर काही मुलं उपचार अर्धवट सोडून जातात, आणि माझ्या मते सोडणाऱ्यांनाच या मदतीची सर्वांत जास्त गरज असते.

पालकांना वेगळं बसवून पाहिलं, थोडाच फरक पडला. आत्महत्येच्या विचारांबद्दल पहिल्याच दिवशी विचारतो, ते तसंच राहील. छळ अजून सुरू असेल तर कळवावं लागेल, हेही मुलांना आधीच सांगतो. मनोविकारतज्ज्ञ रोज उपलब्ध नसतात.

अशा मुलांसोबत काम करणाऱ्यांनी सांगावं: ही चौकशी तुम्ही नेमकी कोणत्या टप्प्यावर करता, आणि जखम उघडी पडल्यावर मूल पुन्हा नशेकडे वळू नये म्हणून त्याआधी त्याला काय शिकवता?