शाळेच्या फीची मदत वेदीसमोर बोलावून द्यावी का?

नवी_खजिनदार

नमस्कार मंडळी. आमच्या पॅरिशच्या (एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजाच्या) मदत समितीचं खजिनदारपद यंदा माझ्या गळ्यात पडलंय. काम नवीन, त्यात पहिल्याच सभेत वाद.

आजवर गरजू मुलांच्या फीची मदत चर्चच्या ऑफिसातून गुपचूप दिली जायची. यंदा टूम निघाली आहे की पॅरिशच्या सणाच्या दिवशी, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यावर, मुलांना नाव पुकारून वेदीसमोर बोलवायचं. देणगीदार पाकीट देणार, हस्तांदोलन, फोटो, आणि पुढच्या महिन्यात पॅरिशच्या पत्रकात तो छापायचा. कारण काय, तर देणग्या आटल्या आहेत. "लोकांना दिसलं की लोक देतात," असं एका सभासदाचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नाही.

दुसरी सूचना अशी की अर्जासोबत मुलाचं रविवारच्या धर्मशिक्षणाच्या हजेरीचं कार्ड जोडायला लावायचं. हजेरी कमी असेल तर मदत नाही.

फादर म्हणाले, "तुम्ही ठरवा, मग मला सांगा." मला दोन्ही पटत नाही. पण सभेत "मला बरं वाटत नाही" एवढ्यावर कोण ऐकतंय? चर्चचं स्वतःचं काही म्हणणं आहे का यावर? आणि फोटो नाही काढायचा, तर देणगीदारांना दाखवायचं काय?

---

जुनी_व्हिन्सेन्शियन

खजिनदारबाई, सभेत बोलायला मुद्दे हवेत ना, मग घ्या. मी व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीत, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेत, केस पिकवलेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी कायदा, कारण समितीतली माणसं भावनेला हसतात आणि कायद्याला दबकतात. १९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, कलम २२० आहे. कोणाच्या चांगल्या नावाला विनाकारण धक्का लावू नये आणि कोणाच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करू नये, असं ते सांगतं. ते प्रत्येकाला लागू आहे. फी भरायला पैसे नसलेल्या बाईच्या मुलालाही. तुमच्या ऑफिसातल्या अर्जात त्या घराचं उत्पन्न आहे, नवऱ्याचं आजारपण आहे, कर्ज आहे. त्या अर्जाच्या जोरावर मुलाला भरल्या चर्चमध्ये उभं करायचं, म्हणजे अर्जच मोठ्यानं वाचल्यासारखं झालं.

दुसरं, व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा) सामान्य श्रद्धावंतांच्या कार्यावरचा दस्तऐवज, १९६५ चा. त्यातला आठवा परिच्छेद सभेत वाचून दाखवा. घेणाऱ्याचं स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा अतिशय जपून सांभाळा, स्वतःच्या फायद्याचा किंवा दुसऱ्यावर वर्चस्व गाजवण्याचा डाग दानाला लागू देऊ नका, असं तिथं सांगितलंय. पुढचं तर याहून बोचरं आहे: जे न्यायानं द्यायलाच हवं ते दान म्हणून देऊ नका. तुमच्या समितीत कोणी असा असेल, जो कामगारांना पगार उशिरा देतो आणि त्यांच्याच पोरांना पाकिटं वाटायला पुढे होतो, तर ते वाक्य त्याच्याकडे न बघता वाचा. पोचायचं तिथं पोचेल.

आता इतिहास. आमची सोसायटी २३ एप्रिल १८३३ ला पॅरिसमध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी फ्रेडरिक ओझानामचा त्या दिवशी विसावा वाढदिवस होता. कॉलेजची पाच-सहा पोरं आणि एमान्युएल बायी नावाचा वयानं मोठा संपादक, एवढाच ताफा. गरिबांची मदत कशी करतात हे या शिकलेल्या पोरांना ठाऊक नव्हतं. ते त्यांना शिकवलं सिस्टर रोझाली राँद्यू यांनी. वस्तीतली घरं त्यांनी दाखवली, पावाची कुपनं हातात दिली आणि सांगितलं, घरी जा. गरिबाला आपल्या दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या दारात जायचं. जोडीनं जायचं, बसायचं, ऐकायचं. आजही आमच्या कॉन्फरन्सचा (सोसायटीच्या स्थानिक गटाचा) पाया हाच आहे. आणि सभेत आम्ही एक पिशवी फिरवतो. प्रत्येक जण मूठ आत घालतो, मूठ बाहेर काढतो. कोणी किती टाकलं, कोणी काहीच टाकलं नाही, शेजारच्यालाही कळत नाही. देणाऱ्याचं नाव झाकायला आमच्याकडे सोय आहे, मग घेणाऱ्याच्या नावाचा पुकारा का?

शाळेचंच उदाहरण हवं असेल तर संत जॉन बाप्टिस्ट द ला साल घ्या. शिक्षकांचे आश्रयदाते, १९५० साली पोप बाराव्या पायसनी तसं जाहीर केलं. त्यांच्या पॅरिसमधल्या मोफत शाळांवर फी घेणाऱ्या मास्तर लोकांनी खटले भरले. तक्रार काय? तर या शाळांत नोंदलेल्या गरिबांखेरीज इतरांचीही मुलं बसतात! त्यांना हवं होतं की मोफत शाळा म्हणजे फक्त गरिबांच्या यादीतली पोरं. ला सालच्या ब्रदरांनी (त्यांच्या संघातल्या शिक्षकांनी) मात्र ज्याला परवडतं तो आणि ज्याला परवडत नाही तो, दोघांना एकाच बाकावर बसवलं. त्यासाठी कोर्टाचे हेलपाटे आणि दंड सोसला. तीनशे वर्षांपूर्वी जी यादी भिंतीवर लागू दिली नाही, ती आपण आता फोटोसकट छापणार.

हजेरीच्या कार्डाचं थोडक्यात सांगते. ते जोडायला लावू नका. मूल रविवारी का येत नाही हे बघायला त्याच्या घरी जा, कार्ड काय सांगणार? एका घरी मी गेले तेव्हा मुलगी दाराआड उभी. आई म्हणाली, "हिला चर्चला पाठवू कशी, शाळेचे बूट पावसात उसवले, आणि दुसरे नाहीत." बूट मिळाले, पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर. आणि ज्यांचं घर कॅथलिक नाही त्यांनी काय करायचं? आमची सोसायटी धर्म विचारत नाही. तुमच्या समितीनं विचारायचं ठरवलं तर आधी बायबलमधला भल्या शोमरोन्याचा दाखला काढून वाचा, परक्या धर्माच्या माणसानं जखमीला मदत केली तो.

---

शाळेचं_ऑफिस

मी पॅरिशच्याच एका शाळेत क्लार्क आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं सांगतो. वेदीवरचा कार्यक्रम वर्षातून एकदा होतो. आमच्याकडे मुलांची शोभा रोज होऊ शकते, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या ऑफिसात एक रबरी शिक्का होता, लाल शाईचा, "धर्मादाय निधी". समितीकडून फी आली की पावतीवर तो ठप्प. हिशेबाला सोपा. पण पावती मुलाच्या हातात जायची, मूल ती वर्गशिक्षिकेला दाखवायचं, आणि दाखवताना शिक्का अंगठ्याखाली दाबून धरायचं. काउंटरवर बसून हे मी कितीदा पाहिलंय. शेवटी मुख्याध्यापिका सिस्टरना तशी एक पावती नेऊन दाखवली. शिक्का कपाटात गेला. आता सगळ्यांची पावती एकसारखी, "रक्कम मिळाली". पैसे कुठून आले हे फक्त खतावणीतल्या शेवटच्या रकान्यात, सांकेतिक अक्षरात.

म्हणून खजिनदार ताई, मुलाच्या हातात पाकीट देऊच नका. वेदीवरही नको आणि ऑफिसातही नको. चेक थेट शाळेच्या नावानं काढा, सोबत नावांची यादी बंद पाकिटात. आणि वेळ सांभाळा. फी बाकी असलेल्यांची नावं वर्गात वाचली गेल्यानंतर तुमची मदत आली तर तिचा अर्धा उपयोग गेला. (नावं वाचूच नयेत, हे मान्य. पण वाचणारे आहेत.)

अजून एक. फी ही दिसणारी रक्कम. पोरं गळतात ती बहुतेक न दिसणाऱ्या खर्चापायी: परीक्षा फी, गणवेश, प्रयोगवही, सहलीची वर्गणी. सहलीच्या दिवशी कोण "आजारी" पडतं याची यादी केलीत, तर तुम्हाला अर्जच लागायचे नाहीत.

---

देणगीदार_एक

मी यादीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. वर सगळ्यांनी देणगीदाराला टाळ्यांचा भुकेला ठरवून टाकलंय, म्हणून लिहितो.

मला फोटो नको. पण मी पूर्वी ज्या पॅरिशमध्ये होतो तिथं "गुप्तता, गुप्तता" म्हणत समितीतल्याच लोकांच्या भाच्या-पुतण्यांच्या फिया भरल्या गेल्या. विचारलं तर उत्तर एकच, नावं सांगता येत नाहीत. तेव्हापासून मला गुप्त म्हटलं की धडकी भरते. वेदीसमोर दिलं की निदान मूल दिसतं तरी! आणि माझ्या आईच्या नावानं आम्ही दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस देतो, तेही बंद करायचं का आता?

---

जुनी_व्हिन्सेन्शियन

साहेब, आईच्या नावाचं बक्षीस खुशाल वेदीसमोर द्या, मी पहिली टाळी वाजवीन. ते मुलीनं कमावलेलं आहे. मदत ही गरज आहे, तिला व्यासपीठ लागत नाही. घोळ होतो तो दोन्ही एकाच कार्यक्रमात, एकसारख्या पाकिटांतून देतात तेव्हा. मग पहिली आलेली मुलगीही गरीब समजली जाते, आणि गरीब मुलाला वाटतं आपल्याला टाळ्या कशाबद्दल.

हिशेबाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. तुमची तक्रारही पटली, तो प्रकार मी ऐकलेला आहे, आणि एकाच ठिकाणी नाही. पण मुलांचे चेहरे दाखवून त्यावर इलाज होत नाही. भाच्याचा चेहरा कोणाला ओळखू येतो? त्याला हिशेबच लागतो, आणि तो मागायचा हक्क तुम्हाला आहे. प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती असलीच पाहिजे, कलम ५३७. आवक-जावकीच्या वह्या नीट ठेवायच्या, कलम १२८४. लोकांनी दिलेल्या दानाचा जाब लोकांना द्यायचा, कलम १२८७. आणि दात्यानं ज्या कारणासाठी दिलं त्याच कारणासाठी ते वापरायचं, कलम १२६७. म्हणजे "हे फक्त शाळेच्या फीसाठी" असं तुम्ही लिहून दिलंत तर त्यातून चर्चचं छप्पर दुरुस्त करता येत नाही.

आम्ही काय करतो ते सांगते. घरभेटीला दोघं जातात, आणि त्या घराशी नातं असलेला कधीच जात नाही. नातेवाइकाचा अर्ज आला की तो सभासद खोलीबाहेर. नावांची वही अध्यक्ष, खजिनदार आणि फादर, या तिघांपुरती. बाहेरच्या हिशेबतपासनिसाला ती पूर्ण दाखवायची, झाकायची नाही. बाकी लोकांसाठी दुसरा कागद: किती घरं, किती मुलं, फीला किती, पुस्तकांना किती, शिल्लक किती. तो पत्रकात छापा, हवं तर पहिल्या पानावर.

यात एक खाच आहे, खजिनदारबाई. पॅरिश लहान असते. "एका विधवेच्या तीन मुलांना मदत" असं छापलंत की नाव न छापताही सगळ्यांना कळतं. तेव्हा आकडे एकत्र करून द्या, घराचं वर्णन नको.

आणि आईला विचारा, तिला थोडा वाटा स्वतः भरायचा आहे का. पुष्कळ जणींना भरायचा असतो. तो कितीही छोटा असला तरी घ्या, आणि त्याची पावती तिच्या नावानं द्या.

---

देणगीदार_एक

दुसरा कागद मिळणार असेल तर माझी हरकत संपली. आमच्या पॅरिशमध्ये तो मागतो. अर्थसमितीत कोण कोण आहे हे मला आजवर माहीतही नव्हतं.

---

नवी_खजिनदार

सगळ्यांचे आभार. बक्षीस आणि मदत वेगळी करायची ही सूचना सभेत चालेल असं वाटतंय, कारण ज्यांना कार्यक्रम हवाय त्यांना कार्यक्रम मिळेल. हजेरीच्या कार्डावरून मात्र भांडण होणार. घरभेटीला माझ्याबरोबर कोण येईल हेही बघायचंय. दोघींनी हो म्हटलंय, त्यातली एक तोंडाची फटकळ आहे.

शाळेच्या ऑफिसवाल्या दादांना एक विचारायचं होतं. यादी तुमच्याकडे कधी पोचवायची? आणि मधेच कोणाची नोकरी गेली तर?

---

शाळेचं_ऑफिस

वर्ष सुरू व्हायच्या आधी, प्रवेशाचे कागद जमा होतात तेव्हा. बंद पाकिटात आणा आणि मुख्याध्यापकांच्या हातात द्या, काउंटरवर ठेवू नका, तिथं पालकांची रांग असते. मधल्या अडचणींसाठी रकमेतला थोडा भाग राखून ठेवा, सगळी रक्कम पहिल्याच यादीत संपवू नका. आणि फटकळ बाईंना घरभेटीपेक्षा हजेरी-कार्डाच्या सभेला न्या.